धुऱ्यावरचा रस्ता

रागिणीला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, हे तिच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचं काम तिच्याकडे आलं होतं. सकाळी सहाला स्कूटी काढायची, राजापेठ, साईनगर, बडनेरा रोड अशी दहा-बारा घरं करायची आणि साडेनऊच्या आत नळ्यांची पेटी लॅबमध्ये पोचवायची. अमरावतीत अकरा वर्षं ती हेच करत होती. हात इतका हलका, की म्हातारी माणसं तिचं नाव सांगून तिलाच बोलावत.

मार्चच्या त्या शुक्रवारी मात्र तिला एका आजोबांना दोनदा सुई टोचावी लागली. आजोबांनी कापूस दाबून धरला. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी ललिता मॅडम म्हणाली, "आज तुमचं लक्ष नाही."

लक्ष कुठून असणार? आदल्या संध्याकाळी अकोल्याहून धाकट्या भावाचा, नितेशचा फोन आला होता. आई वावरातून येताना नाल्यातल्या दगडांवर पडली होती. मनगट सुजलं होतं. आणि आई नाल्यातून कशाला येत होती, हे विचारल्यावर जे बाहेर पडलं, त्यानं रागिणीची झोप उडाली होती.

तेल्हाऱ्याजवळच्या गावात आईचं, गोदाबाईचं, दोन एकर काळं रान होतं. झेंडू, निशिगंध, थोडी मेथी, थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर. नवरा नत्थुजी जाऊन सहा वर्षं झाली, तरी बाईनं मळा सोडला नव्हता. हे वावर रस्त्यापासून आत, उत्तमरावांच्या वावराच्या मागे. उत्तमरावांच्या वावराच्या मधून बैलबंडीची वाट होती आणि रागिणीच्या आजोबांपासून सगळे त्याच वाटेनं जात. मागच्या वर्षी उत्तमरावांनी संत्र्याची कलमं लावली आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, ती खाऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं. वाटेवर लोखंडी फाटक ठेवलं, एक किल्ली गोदाबाईला दिली. मग एक दिवस फाटकाला दुसरं कुलूप लागलं. तेव्हापासून गोदाबाई फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाल्यातून ये-जा करत होती आणि लेकरांना चकार शब्द बोलली नव्हती.

ललिता मॅडमला रागिणीनं हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं. मॅडम एका विधी महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वकील बघालच. पण त्याच्याकडे जायच्या आधी आपलं भांडण कायद्यात कुठं बसतं ते वाचून जा. उद्या दुपारी या. प्राचार्यांच्या नावानं एक अर्ज द्या, बाहेरच्यांना बसून वाचायची परवानगी मिळते."

"मले समजन का पण ते?" रागिणीनं विचारलं. घाईत तिची बोली गावाकडे वळायची.

"मराठीतही आहे. आणि एक सांगून ठेवते, मी सल्ला देत नाही. पुस्तक कुठं आहे ते सांगते."

शनिवारी लॅब सुटल्यावर ती गेली. लांबच लांब टेबलं, लोखंडी कपाटं, परीक्षा जवळ आलेली पोरं-पोरी. रजिस्टरमध्ये सही करताना तिला उगाच वाटलं, कोणी तरी उठून विचारेल, बाई तुमचं इथं काय काम? कोणी मान वर केली नाही. मॅडमनी तिला तिसऱ्या कपाटाशी नेलं, जमीन महसुलाचा कप्पा दाखवला, त्यातून एक बारीक पुस्तक काढून दिलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पुस्तक मामलतदार न्यायालयांच्या कायद्याचं होतं. रागिणीनं पहिली चार पानं तीनदा वाचली. वाक्यं लांब, क्रियापद शेवटी, तिथं पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग पुस्तक हातात धरून खिडकीशी उभीच राहिली. उभं राहून जरा बरं वाचता येत होतं. पाचव्या कलमाशी ती थांबली. शेताकडे जाणाऱ्या वाटेत कोणी बेकायदा अडथळा केला तर तो काढून टाकायचा हुकूम तहसीलदाराला देता येतो, असं तिथं सरळ लिहिलेलं होतं. तिला वाटलं, हे आपल्या मायसाठीच कोणी तरी लिहून ठेवलंय. शंभर वर्षांहून जुना कायदा होता तो. म्हणजे तेव्हाही लोक एकमेकांच्या वाटा अडवत होते.

खाली तिसऱ्या पोटकलमात मुदत होती. अडथळा झाल्यापासून सहा महिने. त्यानंतर दावा घेता येत नाही.

आईनं नितेशला सांगितलं होतं, कुलूप दिवाळीनंतर बदललं. रागिणीनं बोटांवर मोजलं, मग खात्री वाटेना म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरशी जाऊन मोजलं. एप्रिलच्या शेवटापर्यंत वेळ होता. जिन्यात येऊन तिनं भावाला फोन लावला.

"नितेश, दावा होते. पण सहा महिन्याच्या आत. उद्या येतो मी, कागद जमवू."

"तू कायले पुस्तकं चाळत बसली? मी तहसीलमधल्या अर्ज लिहिणाऱ्याले बोललो. तो करून देतो म्हणते सगळं."

"त्यानं मुदतीचं सांगितलं का तुले?"

नितेशनं विषय बदलून तिच्या एसटीची वेळ विचारली.

रविवारी पहाटेच्या एसटीनं ती अकोल्याला उतरली. नितेश स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. अकोल्यात तो शाळेची व्हॅन चालवायचा. अंगानं आडवा, डोक्यानं गरम. अकोटपर्यंत तो उत्तमरावांना काय काय करून टाकीन ते सांगत होता आणि रागिणी मागे बसून पायाची बोटं चपलेत दाबत होती. तिला वाटत होतं, गाडी अजून जोरात जावी. पोचून काय करायचं हे मात्र नीट ठरलेलं नव्हतं.

गोदाबाई ओट्यावर एका हातानं निशिगंधाच्या काड्या बांधत बसली होती. दुसऱ्या हाताला पट्टी.

रागिणीनं चहा होईपर्यंत दम धरला. मग वही काढली. "माय, मले नेमकी तारीख पाह्यजे. कुलूप कोनत्या दिवशी बदललं?"

"सांगितलं ना, दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर कवा? भाऊबीजेनंतर? तुळशीच्या लग्नाच्या आधी का नंतर?"

गोदाबाईनं काडी तोडली. "तेवढं कोन ध्यानात ठेवते?"

"मायबाई, तू झेंडूच्या रोपाची तारीख ध्यानात ठेवते, आन् हे नाही?"

म्हातारीनं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी गेली त किल्ली लागेना. मले वाटलं कुलूप गंजलं. तेल घेऊन परत गेली. मंग पाह्यलं त कुलूपच दुसरं."

नितेश ताडकन उभा राहिला. "पोळा? आमी दिवाळीले चार दिवस येऊन गेलो घरी. तवा काऊन नाही बोलली?"

"तुह्यासाठीच नाही बोलली." गोदाबाईचा आवाज चढला नाही. "ऐन दिवाळीत तू त्याच्या दारात गेला असता. हात उचलला असता. मंग मी तुले पाहाले ठाण्यात आली असती का? मले वाटलं, संत्र्याची कलमं एकदा लागली का तोच खोलून देईन. बोलली त्याले दोनदा. रोही शिरते म्हने फाटकातून, तुमी लोक उघडं ठेवता."

रागिणीनं मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. पोळ्यापासून सहा महिने फेब्रुवारीतच संपले होते. पंधरा-वीस दिवसांपूर्वी. पंधरा-वीस दिवसांपूर्वी ती साईनगरात कोणाची तरी शुगर काढत होती आणि आई नाल्यातून चालत होती.

"काय फरक पडते?" नितेश म्हणाला. "दिवाळीच लिहू. आपल्या तिघाईशिवाय कोनाले माहीत आहे?"

"उत्तमरावाले."

"तो म्हनन पोळा, आपन म्हनू दिवाळी. साबित कोन करन?"

रागिणी त्याला नाही म्हणाली नाही. खरं सांगायचं तर परतीच्या एसटीत तिनं मनातल्या मनात अर्ज लिहूनही पाहिला. दिवाळीनंतर, म्हणजे अमुक तारखेच्या सुमारास. वाक्य चांगलं जमत होतं. चार-पाच जणांना तिनं ते आधीच सांगितलं होतं, तेव्हा ते तिला खोटंही वाटलं नव्हतं. पण अर्जदार आई होती. शपथेवर बोलणार आई. तहसीलदारापुढे पदर सावरून उभी राहिलेली आणि वकिलानं तारीख विचारली की दोन्ही लेकरांच्या तोंडाकडे पाहणारी आई तिच्या डोळ्यापुढून हलेना. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी हलेना.

मंगळवारी तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि पुन्हा ग्रंथालय गाठलं. या वेळी ती सरळ मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, मुदत गेली. पोळ्यालाच कुलूप लागलं होतं. आता कोणतं पुस्तक वाचू?"

ललिता मॅडमनी चष्मा काढला. त्यांना काही बोलायचं होतं आणि त्या स्वतःला आवरत होत्या, हे दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "एकाच कलमाला धरून बसू नका. जमीन महसूल संहितेचा जाड ग्रंथ घ्या, टिपा असलेला. मागे विषयसूची आहे. त्यात रस्ता शब्दाखाली जेवढे आकडे आहेत ना, ते सगळे उघडून पाहा. एकही सोडू नका."

रस्ता शब्दाखाली सतरा आकडे होते. रागिणीनं ते वहीत उतरवले आणि एकेक खोडत गेली. गावठाणातले रस्ते, सरकारी रस्ते, अतिक्रमण. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. समोरच्या पोरीनं एकदा पाहिलं, तेव्हा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. अकरावा आकडा उघडला, ते कलम एकशे त्रेचाळीस निघालं.

एका शेताच्या मालकाला दुसऱ्या शेताच्या हद्दीवरून जाण्याचा हक्क हवा असेल, तर तहसीलदारानं चौकशी करून निर्णय द्यायचा. आणि तो देताना, शेती करणाऱ्याला आपल्या शेतात वाजवी रीतीनं पोचता आलं पाहिजे, ही गरज ध्यानात घ्यायची.

हद्दीवरून. म्हणजे धुऱ्यावरून. तिनं मागे-पुढे सगळं वाचलं. सहा महिन्यांची अट कुठं दिसेना. पण आजोबांची मधली सरळ वाटही या कलमात परत मिळत नव्हती. मिळाला तर धुऱ्याच्या कडेनं, सगळं वावर वळसा घालून जाणारा रस्ता मिळणार होता.

त्या दिवशी ती चार तास बसली. स्वतःलाच नवल वाटावं इतका वेळ. टिपांमध्ये ज्या निकालांचा उल्लेख होता त्यांचे बांधीव खंड मॅडमनी काढून दिले. बरेचसे इंग्रजीत होते. मोबाइलवर शब्द शोधत ती पुढे सरकली. एका निकालात एका माणसानं अडथळ्याची तारीख पुढे ढकलून सांगितली होती. ती खोटी ठरल्यावर त्याच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवला नव्हता. दुसऱ्या एकात तहसीलदारानं जागा स्वतः न पाहताच निर्णय दिला म्हणून प्रकरण परत पाठवलं होतं. रागिणीनं वहीत लिहिलं: जागा पाहायला लावणे. त्याखाली: दुसरी वाट आहे का? नाल्याचे फोटो, पावसाळ्यातले कोणाकडे असतील? गावनकाशा. दोघांचे सातबारे. बाजूच्या वावरवाल्यांचे जबाब. मायच्या सहीचं अधिकारपत्र. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ ओढून: तारीख पोळ्याचीच.

रात्री नितेशला सांगितलं, तर तो भडकला. "आजाची सरळ वाट सोडून धुऱ्यानं गोल फिराचं? हारलोच म्हन ना मंग."

"वाट मुदतीपायी गेली, नितेश. आता जे भेटते ते घेऊ."

"तुह्या पुस्तकापायी होऊन राहिलं हे." त्यानं फोन ठेवला. आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी मोबाइलवर त्याच्याकडून एक फोटो आला. भूमी अभिलेखच्या शिक्क्याचा गावनकाशा. त्याच्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

नकाशात मधल्या वाटेची खूण नव्हती. गटांच्या हद्दी मात्र स्वच्छ होत्या.

अर्ज गेला, नोटिसा गेल्या आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तेल्हाऱ्याला सुनावणी लागली. पंखा गरम हवा ढकलत होता. गोदाबाई बाकावर, तिच्या शेजारी रागिणी, नितेश दाराशी हाताची घडी घालून. उत्तमराव पांढऱ्या टोपीत, समोरच्या बाकावर. त्यांनी गोदाबाईला "पाय कसा आहे वहिनी?" असं विचारलं आणि गोदाबाईनं "हात होता, बरा आहे," असं सांगितलं. रागिणीला ते ऐकून उगाच राग आला.

उत्तमरावांचा वकील उठला. त्यानं एक कागद पुढे केला. "साहेब, अर्जदारबाईंनी मागच्या सप्टेंबरात ग्रामपंचायतीला तक्रार दिलेली आहे. फाटकाला कुलूप लावलं, वावरात जायला दुसरी वाट नाही म्हणून. आवक नंबर आहे, शिक्का आहे. म्हणजे अडथळा तेव्हाच झाला. सहा महिन्यांची मुदत संपली आहे. अर्ज फेटाळावा."

रागिणीनं आईकडे पाहिलं. गोदाबाई पुटपुटली, "अंगणवाडीच्या बाईकून लिहून घेतला होता. पंचायतवाल्यायनं काई केलं नाही, मी इसरून गेली."

दाराशी नितेशची घडी सुटली. त्याचा चेहरा उतरलेला रागिणीला दिसला. दिवाळी लिहिली असती तर या क्षणी आई सगळ्यांसमोर खोटी पडली असती, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं.

तहसीलदारांनी विचारलं, "यावर काय म्हणणं आहे?"

रागिणी उभी राहिली. उभं राहिल्यावर बरं वाटलं. "साहेब, कागद खरा आहे. आमच्या अर्जात कुलपाची तारीख पोळ्याचीच लिहिली आहे. सहा महिन्यांची मुदत मामलतदार कायद्यातल्या दाव्याला आहे. आमचा अर्ज महसूल संहितेच्या एकशे त्रेचाळीसखाली आहे. आम्ही फाटक उघडा म्हणतच नाही. धुऱ्यावरून रस्ता मागतो." तिनं तहसीलदारांपुढच्या कागदाकडे बोट केलं. "आणि उलट हा कागद आमच्याच कामाचा आहे. माझी आई त्या वाटेनं जात होती आणि तिला दुसरी वाट नाही, हे यांनीच दाखवून दिलं. याची प्रत आमच्या फाइललाही लावून घ्यावी, ही विनंती."

वकिलानं अर्ज पुन्हा चाळला. तहसीलदारांनी कागद घेतला, वाचला आणि लिहिलं. मग म्हणाले, "जागा पाहू."

पुढचे तीन आठवडे रागिणीसाठी सुनावणीपेक्षा वाईट गेले. पाहणीची तारीख दोनदा लागली आणि दोनदा पुढे गेली. स्कूटीवर असताना फोन वाजला की ती रस्त्याच्या कडेला थांबायची. शनिवारी काम नसतानाही ग्रंथालयात जाऊन त्याच कलमाच्या टिपा पुन्हा वाचायची, आपलं काही सुटलं असेल या भीतीनं. एकदा खरंच सुटलेलं सापडलं. रस्ता देताना समोरच्याचं कमीत कमी नुकसान होईल अशी बाजू निवडावी, असं एका निकालात होतं. पश्चिमेच्या धुऱ्याला उत्तमरावांच्या संत्र्याची ओळ लागून होती, पूर्वेला मोकळं होतं. आपण अर्जात पश्चिमेची बाजू मागितली होती, कारण ती जवळची. तिनं त्याच दिवशी पूर्वेचा धुराही चालेल असा लेखी जबाब पाठवला. नितेशनं या खेपेला वाद घातला नाही. नेऊन देतो, एवढंच म्हणाला.

मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, पाहणी झाली. तहसीलदार नाल्यात उतरले, दगड पाहिले, गोदाबाई रोज जाते त्या वाटेनं वर चढले आणि धापा टाकत थांबले. रोह्यांनी खाल्लेली कलमं उत्तमरावांनी दाखवली. साल सोलून काढलेली, शेंडे मोडलेले. "मी का वैरी आहो का साहेब यायचा? पन फाटक उघडं राह्यलं का एका रात्रीत शंभर झाडं जातात. कोनाले सांगू?" रागिणीनं त्या झाडांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तिला त्या माणसाची बाजू दिसली. त्यानं तिचा राग गेला असं नाही. पण आता तो नीट बसेना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आदेश आला. पूर्वेच्या धुऱ्यावरून आठ फुटांचा रस्ता. उत्तमरावांनी त्या बाजूचं कुंपण तेवढं आत घ्यायचं. मधली वाट आणि फाटक त्यांचं त्यांच्याकडे. जुन्या वाटेपेक्षा दुप्पट चालणं होतं, पण छोटा टेम्पो मळ्यापर्यंत जाणार होता. आदेशाच्या शेवटी, ज्याला मान्य नसेल त्यानं एका वर्षात दिवाणी न्यायालयात जावं, असंही होतं.

पुढच्या रविवारी नितेशनं ओळखीच्याचा टेम्पो आणला. गोदाबाई पुढे बसली, रागिणी मागे टोपल्यांमध्ये उभी. उत्तमराव नव्या खांबांशी गड्याकडून तार ताणून घेत होते. गाडी जवळ आली तसे ते बाजूला झाले. कोपऱ्यावरच्या वळणाकडे हात करून नितेशला म्हणाले, "इथं चिबड आहे. पावसात चाक फसन. आतापासून मुरूम टाकून घेजा."

"टाकतो," नितेश म्हणाला, आणि गाडी वळवली.

मळ्यात उतरल्यावर गोदाबाईनं दुखावलेला हात पुढे करून पाहिला, मूठ उघडली, मिटली. "झालं बाई एकदाचं. आता त निवांत राह्यशीन ना?"

रागिणीनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. उत्तमराव अजून तिथंच होते. एका वर्षात ते दिवाणीत जातील, किंवा जाणार नाहीत. मुरूम टाकायला सांगणारा माणूस जाणार नाही, असं तिला एकदा वाटलं, आणि लगेच वाटलं, तसं कुठं काही लिहिलेलं नाही.

"पाहू," ती म्हणाली, आणि टोपली उचलून झेंडूच्या ओळीत शिरली. ऊन चढायच्या आत फुलं तोडून व्हायची होती आणि दुपारी तिला अमरावतीची गाडी पकडायची होती.